कॅमेऱ्याचा कट्टा : जुनी वाइड घ्यायची, पण कुठली?

प्रश्न : दादा, सोनी ए७ टू सेकंडहँड घेतली, सोबत पन्नासची लेन्स मिळाली. महाद्वार रोडला, जोतिबाच्या यात्रेत, गणपतीच्या मिरवणुकीत पन्नास लईच टाइट पडते, मागं सरकायला जागाच नसते. नव्या वाइडच्या किमती बघून गप बसलो. दहा-बारा हजारात जुनी मॅन्युअल (हातानं फोकस करायची) वाइड बसवायचीय. २० घेऊ, २४ घेऊ का २८? आणि कुठल्या कंपनीची?
(वाचक, शुक्रवार पेठ)

उत्तर : २८ घ्या. कारण सांगतो, मग पटलं नाही तर तुमच्या मनाचं करा.

फुल फ्रेमवर (तुमच्या ए७ टू सारख्या, फिल्मएवढ्या सेन्सरवर) दहा फुटांवरून पन्नासमध्ये आडवं साधारण सात फूट मावतं, ३५ मध्ये दहा, २८ मध्ये तेरा, २४ मध्ये पंधरा आणि २० मध्ये अठरा. म्हणजे पन्नासवरून नुसतं २८ वर आलात तरी जवळजवळ दुप्पट जागा मिळाली, महाद्वार रोडच्या गर्दीला ती पुरते. २० वर गेलं की कडेची माणसं ताणल्यासारखी दिसायला लागतात, कडेला उभ्या मावशीचा चेहरा असा काही रुंद होतो की फोटो दाखवायची सोय राहत नाही. आणि खरी गोम पैशाची आहे. जुन्या काळात २८ म्हणजे सगळ्या कंपन्यांची घरोघरी खपणारी वाइड, त्यामुळं बाजारात ढिगानं आहेत. २४ त्यापेक्षा कमी बनली, २० आणखी कमी, म्हणून ती आजपण महाग. वीसच पाहिजे असली तर जुनीच्या नादाला न लागता पैसे साठवून आजकालची नवीन घ्या, कारण एवढ्या वाइडमध्ये जुन्या आणि नव्या डिझाइनमधला फरक कोपऱ्यात उघडा पडतो. टोकिना किंवा टॅमरॉनची जुनी १७ एमएम एफ ३.५ (एफ म्हणजे अपर्चर, लेन्समधलं पात्यांचं भोक, आकडा लहान तेवढं भोक मोठं) कुणी दाखवली तर हौस म्हणून बघा, रोजच्या कामाला नको.

आता कंपनी. तुमची बॉडी मिररलेस (आत आरसा नसलेली) आहे ही तुमची लॉटरी आहे. लेन्सच्या माउंटपासून (लेन्स अडकते ती कडी) सेन्सरपर्यंतचं अंतर सोनी ई ला, म्हणजे तुमच्या माउंटला, फक्त १८ एमएम आणि जुन्या एसएलआरच्या (आरसावाल्या फिल्म कॅमेऱ्यांच्या) लेन्सना लागतं ४२ ते ४६ एमएम, मधली जागा साध्या पोकळ अडॅप्टरनं भरून काढायची की झालं, त्यात काच नाही, इलेक्ट्रॉनिक्स नाही, बिघडायला काही नाही. त्यामुळं ज्यांच्या बॉड्या कधीच बंद पडल्या त्या मिनोल्टा एमडी आणि कॅनन एफडी तुमच्यासाठी सगळ्यात फायद्याच्या, कारण डीएसएलआरवाल्यांना (आरसावाले डिजिटल कॅमेरे) त्या धड बसत नाहीत, मग मागणी कमी आणि भाव पण बरे. मिनोल्टा एमडी २८ एफ २.८, कॅनन न्यू एफडी २८ एफ २.८, ऑलिंपसची झुइको २८ एफ ३.५ (ही एवढीशी आहे, अडॅप्टर लावूनपण बोजा वाटत नाही), पेंटॅक्स एम २८, याशिकाची एमएल २८. यातली जी चांगल्या कंडिशनमध्ये हाताला लागेल ती घ्या. लोक तासन्‌तास वाद घालतात की मिनोल्टा शार्प का ऑलिंपस, अहो एफ ८ ला दोन्ही फोटो शेजारी ठेवले तर तुम्हाला सांगता येणार नाही. अपर्चर पूर्ण उघडं ठेवलं की मात्र सगळ्यांचेच कोपरे मऊ असतात, ते धरूनच चाला. चाळीस वर्षांच्या लेन्समध्ये नावापेक्षा तिला कुणी कसं ठेवलंय याला जास्त किंमत आहे.

एक मात्र बघा, जुनी वाइड घेताना एसएलआरचीच घ्या, रेंजफाइंडरची (आरसा नसलेल्या जुन्या फिल्म कॅमेऱ्यांची) नको. त्यातली रशियन ज्युपिटर १२ स्वस्तात दिसते आणि मोह होतो. एसएलआरमध्ये मागं आरसा हलतो म्हणून वाइड लेन्सची मागची काच लांब ठेवावीच लागायची, फ्रान्सच्या आंजेन्यूनं १९५० मध्ये ३५ एमएमची तशी रेट्रोफोकस लेन्स आणली आणि मग सगळे त्याच वाटेनं गेले. त्याचा आपल्याला आज फायदा असा की उजेड सेन्सरवर बऱ्यापैकी सरळ पडतो. रेंजफाइंडरच्या वाइडची मागची काच फिल्मला जवळजवळ चिकटलेली, कोपऱ्यात उजेड तिरका जातो, फिल्मला ते चालायचं, डिजिटल सेन्सरवर जाड काच असते मग कडा पुसट होतात आणि कधीकधी जांभळट झाक येते.

यात्रेत फोकस कसा करायचा हे तुम्ही विचारलं नाही, पण पुढचं पत्र त्याचंच येणार. करायचाच नाही. २८ ला एफ ८ लावून फोकस ३.३ मीटरवर ठेवला की साधारण साडेपाच फुटांपासून पार डोंगरापर्यंत सगळं चालण्यासारखं शार्प येतं. शटर १/२५० च्या वर, आयएसओ ऑटो, मग सासनकाठी अंगावर आली तरी नुसतं बटण दाबायचं. फक्त एक गडबड असते, स्वस्त अडॅप्टर मुद्दाम जरा पातळ बनवतात, त्यामुळं लेन्सवरचा ३ मीटरचा आकडा खरा ३ मीटर नसतो. घरी टेप घ्या, सेन्सरपासून ३.३ मीटर मोजून भिंतीला पेपर चिकटवा, स्क्रीनवर झूम करून त्याच्या अक्षरांवर फोकस करा आणि रिंग जिथं थांबली तिथं नेलपॉलिशचा ठिपका द्या. पुढं अंधारातपण ठिपक्याला ठिपका जुळवला की झालं.

आणि जोतिबावर गुलाल! बारीक गुलाल फोकसच्या रिंगेत शिरला की आतल्या ग्रीसमध्ये कालवला जातो आणि रिंग करकरायला लागते. डोंगरावर लेन्स अजिबात काढू नका, रिंगेवर प्लास्टिक गुंडाळून रबर लावा, समोर साधा यूव्ही फिल्टर. खाली आल्यावर कापडानं पुसायच्या आधी ब्लोअर मारा. आधीच कापड फिरवलं तर गुलाल कोटिंगवर घासला जातो.

प्रश्न : माझ्याकडं निकॉन डी७५० आहे. तालमीत कुस्तीचे फोटो काढायला स्वस्तात पेंटाकॉन २९ एमएम एफ २.८ घेतली, एम४२ ची (जुन्या स्क्रू माउंटची), अडॅप्टर लावून. जवळचं छान येतं पण हौद्याच्या पलीकडचा पैलवान काही केल्या शार्प होत नाही. लेन्स खराब दिलीय का?
(वाचक, गंगावेश)

उत्तर : लेन्स बिचारीचा काही दोष नाही, जोडी जमली नाही. एम४२ लेन्सला सेन्सर ४५.४६ एमएमवर पाहिजे आणि निकॉन एफ माउंटचं अंतरच ४६.५ एमएम, वर अडॅप्टरची जाडी. लेन्स गरजेपेक्षा पुढं उभी राहते म्हणून लांबचं फोकस होणारच नाही. आत काच असलेला अडॅप्टर मिळतो, लांबचं फोकस होतं, पण त्या एका स्वस्त काचेपायी अख्ख्या लेन्सची माती होते. नको. पेंटाकॉन विकून टाका किंवा मिररलेसवाल्या मित्राला द्या.

निकॉनला निकॉनचीच जुनी घाला. निक्कोर २८ एफ २.८ एआय-एस (एआय म्हणजे लावलेलं अपर्चर बॉडीला कळवायची निकॉनची सोय, एआय-एस ही तिची पुढची आवृत्ती) ही त्यातली खरी मोठी लेन्स, आठ काचा आहेत आणि जवळ फोकस करताना आतल्या काचा आपापसातलं अंतर बदलतात म्हणून जवळचंपण खणखणीत येतं. ओळखायची खूण सोपी, अंतराच्या पट्टीवर शेवटचा आकडा ०.२ मीटर असतो. आधीची एआय ०.३ लाच थांबते, आणि दुकानदार दोन्ही एकाच नावानं खपवतात. बजेट कमी असेल तर सिरीज ई २८ बघा, दिसायला प्लास्टिकची वाटते पण तालमीच्या कामाला काही अडत नाही.

एक जपा. १९७७ च्या आधीची, एआय न केलेली निक्कोर डी७५० वर लावू नका, माउंटच्या कडेला जो छोटा हलणारा दांडा आहे तो मोडतो. एआय लेन्स लावली की मेनूत नॉन-सीपीयू लेन्स डेटा म्हणून असतं तिथं २८ आणि २.८ भरा, मग ए आणि एम मोडला उजेडाचा मीटर व्यवस्थित चालतो. फोकसला व्ह्यूफाइंडरमधल्या फोकसच्या ठिपक्यावर भरवसा ठेवा. पैलवान हलतात, त्यामुळं १/५०० च्या खाली येऊ नका, आयएसओ ३२०० गेला तर जाऊ दे, लाल मातीत ग्रेन कुणाला दिसत नाही.

(कॅननच्या डीएसएलआरवाल्यांसाठी जाताजाता : तुमचं अंतर ४४ एमएम, त्यामुळं एम४२, निकॉन, ऑलिंपस, पेंटॅक्स, याशिका आरामात. कॅननचीच एफडी मात्र नाही, ती ४२ ची आहे. घरचीच लेन्स घरच्या बॉडीला चालत नाही, असा न्याय! फुल फ्रेमवर काही लेन्सची मागची काच आरशाला लागते, पहिला क्लिक लाइव्ह व्ह्यूमध्ये करून बघा.)

प्रश्न : काका, मी कॉलेजला आहे. आमच्या मामांचा लक्ष्मीपुरीत स्टुडिओ होता, आता बंद आहे. कपाटात याशिका एफएक्स-३ आणि दोन-तीन लेन्सेस सापडल्या, एक २८ आहे. आत जाळ्यासारखं काहीतरी दिसतंय. वापरता येईल का?
(वाचक, कसबा बावडा)

उत्तर : अरे, आधी मामांना विचारून घे, मग पुढचं! ज्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी स्वतःच्या हातानं सिनेमाचा कॅमेरा तयार केला त्या गावात असली कपाटं अजून पुष्कळ असतील, आणि भंगारात जायच्या आधी ती उघडली पाहिजेत.

आता लेन्स तपास. मोबाईलचा टॉर्च लाव, खोलीत अंधार कर. अपर्चर पूर्ण उघड, मागची पिन दाबायला लागली तर बोटानं दाबून धर. टॉर्च मागून तिरका धरायचा आणि पुढून बघायचं, मग उलट. झाडाच्या मुळांसारखे पांढरे धागे पसरलेत तर फंगस. सगळीकडं सारखी धुकट साय दिसली तर हेज, वाइड लेन्सला हेज जास्त वाईट, समोरून ऊन आलं की फोटो पांढराफटक. काचेच्या कडेला इंद्रधनुष्यासारखे डाग असतील तर दोन काचांमधला गोंद सुटलाय, ती लेन्स सोडून दे. दोन-चार धुळीचे कण म्हणजे काहीच नाही, त्यावरून कुणी भाव पाडत असेल तर तो हुशार, आणि तुला विकताना कोण लपवत असेल तर तोपण हुशार. मग अपर्चर रिंग फिरवून पात्यांवर तेल आहे का बघ. तेल असलं की पाती सावकाश बंद होतात. तू अडॅप्टरवर हातानंच अपर्चर लावणार, मिररलेसवर ते खपून जातं, डीएसएलआरला नाही.

फंगस कडेला असेल आणि बारीक असेल तर फोटोत दिसणारपण नाही, वापर. मधोमध असेल तर साफ करून घे, पण साफ केल्यावर काचेवर खोडल्यासारखी नक्षी राहिली तर फंगसनं कोटिंग खाल्लंय, ते परत येत नाही. साफ करायचे पैसे लेन्सच्या किमतीपेक्षा जास्त होतायत का ते आधी विचार. नावावर एमएल लिहिलंय का डीएसबी ते बघ. एमएलला कोटिंग चांगलं आहे, तिच्यावर खर्च कर. डीएसबी दुसरी साफ मिळाली तर तीच स्वस्त पडेल.

आपल्याकडं जूनपासून जो पाऊस लागतो तो लेन्सचा खरा वैरी. बॅगेत आणि त्यातून चामड्याच्या जुन्या केसमध्ये लेन्स ठेवायची नाही, चामडं ओल धरतं. हवाबंद प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि छोटा ओलाव्याचा मीटर, आकडा ४० ते ५० च्या मधे राहिला पाहिजे. जेलचा रंग बदलला की कढईत मंद आचेवर परतून कोरडं कर, पण स्वयंपाकाची कढई नको. ड्राय कॅबिनेट घेतलंस तर उत्तमच. उन्हात लेन्स वाळवत ठेवायची पद्धत बऱ्याच घरात आहे, ती बंद कर, उघडी लेन्स उन्हात म्हणजे भिंग झालं, खालची सतरंजी जळेल.

प्रश्न : विविटार २८ एफ २.८ स्वस्तात मिळतेय. एक जण म्हणतो भारी, एक जण म्हणतो डबडं. खरं काय?
(वाचक, इचलकरंजी)

उत्तर : दोघंही खरं बोलतायत. विविटार स्वतः लेन्स बनवत नव्हती, वेगवेगळ्या जपानी कारखान्यांकडून करून घ्यायची. जुन्या लेन्सच्या सिरियल नंबरचे पहिले दोन आकडे बघा : २२ असेल तर किरॉन, २८ कोमिन, ३७ टोकिना. पहिल्या दोघांची मिळाली आणि काच स्वच्छ असली तर विचार करत बसू नका. नंबरवरून काही लागत नसेल तर त्याच पैशात मिनोल्टा किंवा याशिका बघा. मुंबईला जाणं होत असेल तर फोर्टात बोरा बाजारात हातात धरून बघता येतं, ऑनलाइन जपानहून मागवणार असाल तर ‘एक्सलंट प्लस प्लस’ला भुलू नका, खाली बारीक अक्षरात फंगस लिहिलेला असतो, आणि वर कस्टम ड्युटी लागते ती हिशोबात धरा.

प्रश्न : जुनी २८ सोनीवर लावली, सगळं दिसतंय पण बटणच चालत नाही. आणि हात हलल्यासारखे फोटो येतील का?
(वाचक, उचगाव)

उत्तर : कॅमेऱ्याला वाटतंय लेन्सच नाही. मेनूत ‘रिलीज विदाउट लेन्स’ इनेबल करा. आणि बॉडीत स्टेबिलायझर असेल तर स्टेडीशॉटच्या सेटिंगमध्ये फोकल लेंग्थ हातानं २८ टाका, नाहीतर तो चुकीच्या हिशोबानं सेन्सर हलवतो आणि उलट फोटो बिघडतो. लेन्स बदलली की आकडापण बदलायचा.