रात्री साडेबारा ते साडेतीन

“आई भूगोलाची शिक्षिका होती, तरी असल्या मेसेजवर ती विश्वास कसा ठेवते?” असे विचारत एक मुलगी माझ्याकडे आली. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) रात्री साडेबारा ते साडेतीन या वेळेत मंगळावरून निघालेले वैश्विक किरण पृथ्वीजवळून जाणार असल्याने मोबाइल बंद करून दूर ठेवावा, असा नासा आणि बीबीसीच्या नावावर फिरणारा मेसेज अनेकांनी वाचला असेल. एकट्या राहणाऱ्या या बाई वर्षभर रोज तसे करत होत्या आणि इकडे लेकीचा जीव टांगणीला लागत असे. तिने खुलासे पाठवले, एकदा चिडून ‘अडाणीपणा’ हा शब्दही वापरला; त्यानंतर आईने तो विषय काढणेच सोडले.

मी बाईंना एवढेच विचारले, की साडेबारा म्हणजे कुठल्या रेखावृत्तावरचे? क्षणभर थांबून त्या म्हणाल्या, “आपली वेळ साडेब्याऐंशी अंश पूर्वेची. किरणांना ती कशी कळणार?” व्हिक्टर हेस यांनी 1912 साली बलूनमधून उंच जाऊन ज्यांचा शोध लावला, ते वैश्विक किरण अवकाशातून रात्रंदिवस येतच असतात आणि मोबाइल बंद केल्याने त्यांत काहीही फरक पडत नाही, हे त्यांना लगेच पटले. तरीही त्या रात्री फोन बंदच होता.

पुढच्या भेटीत पदराचे टोक बोटाभोवती गुंडाळत त्यांनी सांगितले, की यजमान गेल्याचा हॉस्पिटलचा फोन रात्री पावणेदोनला आला होता आणि तेव्हापासून अंधारात रिंग वाजली, की त्यांना दरदरून घाम फुटतो. भीती वाटते, हे 30 वर्षे वर्गापुढे उभ्या राहिलेल्या बाईंना लेकीपाशी बोलता येईना. मेसेजने त्यांना चारचौघांत सांगता येईल असे कारण दिले. शिवाय तो सख्ख्या बहिणीने पाठवलेला, मग भिशीच्या ग्रुपवर पुन्हा आलेला. तीच गोष्ट वारंवार कानावर पडली, की खरी वाटू लागते आणि ‘बंद ठेवायला आपले काय जाते?’ हा हिशेब तर घरोघरी चालतो. अशा अफवांच्या मुळाशी मला अज्ञानापेक्षा मनात दाबलेली भीती अधिक वेळा सापडली आहे, म्हणून मी आधी ‘हे कधीपासून?’ असे विचारते.

लेकीला यातले काहीच ठाऊक नव्हते. तिने आईच्या मोबाइलवर रात्री फक्त आपला आणि शेजारच्या काकूंचा नंबर वाजेल अशी सोय केली आणि स्वतःची रिंग म्हणून नातवाने म्हटलेला एकोणतीसचा पाढा ठेवला. पहिले आठ दिवस फोन स्वयंपाकघरातल्या फळीवर चालू राहिला. नंतर तो बाईंच्या उशाशी आला.