आधी पर कापून घे

अनेक आशीर्वाद.

तुझा मेल वाचला. माशांचा वंशवृक्ष काढायला कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवतोय. ते तू दोन आठवड्यांत शिकशील. त्याआधी एकदा पहाटे भोयांबरोबर नदीवर जा आणि पाटीतल्या प्रत्येक माशाचं नाव त्यांना विचार.

हे भाबडेपणाने सांगत नाही. कंपनी सरकारसाठी आकडेवारी गोळा करत दख्खनभर हिंडणारा साइक्स हेच करायचा. १८३९ साली त्याने इथल्या माशांची वर्णनं छापली, तेव्हा शास्त्रीय नावांत सरळ मराठी नावं घातली. त्यातला ‘मुल्या’ म्हणजे आपला मळ्या. हातात घेऊन उलटा कर, हनुवटीखाली मांसल चकती दिसेल. तिच्या जोरावर तो वाहत्या पाण्यात खडकाला धरून राहतो. पण चकती बघून लगेच सोयरीक जुळवू नकोस. घाटातल्या ओढ्यांत छातीवरच्या घड्यांनी खडक धरणारे छोटे कॅटफिशही असतात, आणि त्यांचं कूळच निराळं. सारख्या पाण्याने सारख्या सवयी लावल्यात, की खरंच रक्ताचं नातं आहे, हे नुसत्या डोळ्यांनी ठरत नाही. तिथे डीएनए लागतो.

आणि इथेच मी पहिल्या मोसमात माती खाल्ली. दिवसभराचे सगळे मासे थेट फॉर्मलिनमध्ये, म्हणजे नमुने टिकवायच्या द्रावणात टाकले. खवले, परांचे (फिन्सचे) काटे आजही सुरेख मोजता येतात, पण डीएनए कामातून गेला. पुढच्या वर्षी त्या ओढ्यावर बंधारा झाला होता. म्हणून सांगतो: आधी रंग ताजे असताना फोटो. मग उजव्या बाजूच्या पराचा तुकडा शुद्ध अल्कोहोलमध्ये. डावी बाजू शाबूत ठेव, मापं तिथेच घेतात. त्यानंतर फॉर्मलिन. कुपीवर आणि माशावर एकच नंबर, चिठ्ठी पेन्सिलीने लिहिलेली. अल्कोहोलमध्ये शाई पसरते.

चिठ्ठीचं एवढं काय, असं वाटेल. कावेरीतल्या कुबड्या महासीरचं बघ. पन्नास किलोपर्यंत वाढणारा हा मासा गळवाल्यांना दीडशे वर्षं माहीत होता, पण शास्त्रीय नाव पक्कं नव्हतं. दरम्यान साइक्सचा खुद्री, म्हणजे आपल्या मुळा-मुठेचा महासीर, हॅचरीत वाढवून कावेरीत सोडला गेला. हेतू चांगला होता. तो तिथे फोफावला आणि कुबड्या मात्र आटत गेला. हे उघडकीला आलं ते गळवाल्यांच्या कॅम्पमधल्या नोंदींवरून. मग २०१८ मध्ये मापं आणि डीएनए जुळवून पाहिले, तेव्हा कळलं की आधीच कावेरीच्या पांबार या उपनदीतल्या छोट्या पिल्लांवरून ‘टॉर रेमादेवी’ असं ज्याचं बारसं झालं होतं, तोच हा राक्षस. त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त ठरला. नाव नव्हतं तोवर त्याला वाचवायचं कोणत्या यादीत?

अशा घोळात खुद्री नेमका कोणता, हे ठरवायला साइक्सच्या नदीवरच परत यावं लागतं. त्याचं वर्णन आजच्या मानाने फार त्रोटक आहे, म्हणून त्याच पाण्यातला मासा हवा. पुण्यातली आजची मुठा बघता हे वाक्य लिहिताना हात अडखळतो. डीएनएच्या ऑनलाइन साठ्यांतही चुकीच्या नावाने ठेवलेले क्रम सापडतात. सॉफ्टवेअर ते निमूट घेतं आणि देखणं झाड काढून देतं.

रविवारी ये. डब्यात चार मळ्ये आहेत. पार्श्वरेषेवरचे, म्हणजे अंगाच्या बाजूने जाणाऱ्या रेषेवरचे खवले तू मोज, मीही मोजतो. माझा आकडा आधी सांगणार नाही.

येताना चांगलं भिंग आण, माझ्याकडचं हरवलंय.