आईंची गोळी बंद करू का?

प्रश्न : माझ्या सासूबाई 74 वर्षांच्या, मागच्या वर्षी त्यांना अल्झायमर निघाला. डोनेपेझिल ही मेंदूची गोळी आधी 5 मिलिग्रॅमची होती, मग 10 केली, सहा महिने झाले पण फरक काहीच नाही, तेच तेच विचारून राहिल्या दिवसभर. त्यात आता रात्री सारखं लघवीला जावं लागते म्हणून जवळच्या डॉक्टरांनी त्याची वेगळी गोळी दिली, तेव्हापासून तर जास्तच गोंधळ. मिस्टर म्हणतात मेंदूची गोळी बंद करून टाकू. नणंद अमेरिकेत असते, ती म्हणते तिकडे इंजेक्शन निघालं, ते मागवू. काय करावं? (एक वाचक, मानेवाडा, नागपूर)

उत्तर : ताई, मिस्टरांना सांगा घाई करू नका. डोनेपेझिलने गेलेली आठवण परत येत नाही, घसरण काही काळ जरा हळू होते, बस. त्यामुळे "सुधारल्या का" असं न बघता सहा महिन्यांपूर्वी आंघोळ, जेवण, साडी नेसणं जेवढं स्वतः करत होत्या तेवढं आजही करतात का ते बघा. करत असतील तर गोळी काम करून राहिली असं समजायला जागा आहे. आजार पुढे गेलेल्या लोकांवरच्या 2012 च्या एका ब्रिटिश अभ्यासात गोळी थांबवलेल्यांची तब्येत चालू ठेवलेल्यांपेक्षा लवकर ढासळली होती. थांबवायचीच असेल तर ते न्यूरोवाल्यांनी, म्हणजे मेंदूच्या डॉक्टरांनी ठरवायचं.

मला खरी शंका येते ती त्या लघवीच्या गोळीची. डोनेपेझिल मेंदूत अॅसिटिलकोलिन हे आठवणीला लागणारं रसायन वाढवते, आणि ऑक्सिब्युटिनिनसारख्या लघवीच्या गोळ्या नेमकं तेच अडवतात, म्हणजे एकाने नळ सोडायचा न दुसऱ्याने कॉक बंद करायचा. सर्दी-खाजेच्या काही जुन्या गोळ्या, झोपेच्या काही गोळ्या, त्यांचंही तसंच. आणि गंमत अशी (गंमत कसली म्हणा) की सारखं लघवीला लागणं हे डोनेपेझिलमुळेही होऊ शकते. त्रास 10 ची गोळी सुरू झाल्यावर सुरू झाला का, तारखा आठवून बघा. मग घरातली सगळी औषधं, आयुर्वेदिक चूर्णासकट, एका पिशवीत भरून न्यूरोच्या ओपीडीत न्या, मेडिकल कॉलेज किंवा एम्स कुठंही दाखवत असाल तरी. त्याच वेळी लघवीची तपासणी, बी-12, थायरॉइड झालेलं आहे का विचारा, नाडी मोजून घ्या, कारण या गोळीने ती मंदावते. मळमळ, जुलाब, भूक मरणं असेल तर तेही सांगा. रात्री भयंकर स्वप्नं पडत असतील तर गोळी सकाळी देता येते का विचारा.

लघवीच्या भीतीने पाणी कमी देत असाल तर नका हो. आपल्याकडं मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो, पाणी कमी पडलं की म्हातारं माणूस एक-दोन दिवसातच भलतंसलतं बोलायला लागते. अल्झायमर असा एका रात्रीत वाढत नाही, एकदम बिघडलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

नणंद म्हणते ते इंजेक्शन बहुतेक लेकॅनेमॅब, अमेरिकेत 2023 मध्ये पूर्ण मान्यता मिळाली. आजार अगदी सुरुवातीला असेल आणि मेंदूत अमायलॉइड नावाचं प्रथिन साठलेलं आहे हे मेंदूच्या PET स्कॅनने किंवा पाठीच्या कण्यातलं पाणी तपासून सिद्ध झालं असेल तरच देतात, सुरुवातीला दर दोन आठवड्यांनी सलाइनमधून. 18 महिन्यांत घसरण साधारण 27 टक्के कमी दिसली, पण मेंदूला सूज अन् रक्तस्रावाचा धोका आहे म्हणून मध्ये मध्ये एमआरआय लागतात. कुरियरने मागवून टोचायची ही वस्तू नाही.

घरी मात्र एक करा. पाहुणे आले की "आई, ओळखा बरं हे कोण" ही परीक्षा बंद. त्यापेक्षा त्यांचं मत विचारा, गोळाभाताचे गोळे कसे करायचे, पिवळ्या मारबतीची मिरवणूक बघायला तुमच्या वेळी कोण कोण जायचं. ब्रिटनमध्ये अशाच गप्पांचे गट चालवतात, आठवड्यात दोनदा असे सात आठवडे, आणि सौम्य ते मध्यम आजारात त्याचा थोडा फायदा दिसलेला आहे.

प्रश्न : वडिलांना विसरायला होतं, गिंकोच्या (त्या झाडाच्या पानांच्या अर्काच्या) गोळ्या सुरू करू का? (वर्धा रोड)

उत्तर : नको. 3000 हून जास्त वयस्कांना रोज दोनदा 120 मिलिग्रॅम देऊन बघितलं, 2008 मध्ये निकाल आला, डिमेन्शिया (अल्झायमरसारखा विसरण्याचा आजार) टळला नाही. आणि ते रक्त पातळ करायची गोळी घेत असतील तर रक्तस्रावाची जोखीम वेगळीच. त्यापेक्षा आधी ऐकू नीट येते का ते कान तपासून घ्या, बीपी-शुगर बघा.