बर्फावर यूव्ही (अतिनील किरण) मारून उरलेल्या तपकिरी थराचा रंग मोजून प्लूटोबद्दल काय कळतं?

नुसता रंग नाही मोजत हो, मोजतात ते एन आणि के, म्हणजे प्रकाश त्या पदार्थात किती वाकतो आणि किती शोषला जातो, तेही प्रत्येक वेव्हलेंथला वेगळं. मी नाशकात बीएस्सीच्या पोरांना ऑप्टिक्स शिकवतो, त्यांचाही इथेच गोंधळ होतो. काकवीची धार सोडली की सोनेरी आणि बरणीत बघितली तर काळीकुट्ट, माल तोच, जाडी बदलली. एन-के हातात असले की कितीही जाड थर, कितीही बारीक कण कसा दिसेल ते कम्प्युटरवर काढता येतं.

आता तो थर बनतो कसा, तर इकडे निफाडचा पारा घसरला की पेपरात बातमी येते, तिकडे व्हॅक्यूम चेंबरमध्ये 10-20 केल्विनला, म्हणजे उणे 250 च्याही खाली, पाणी-मेथेनॉल-अमोनियाचा बर्फ जमवतात आणि त्यावर हायड्रोजन दिव्याचा यूव्ही नाहीतर आयन, म्हणजे विद्युतभारित कण, सोडतात. बॉण्ड तुटतात, तुकडे भलतीकडेच जुळतात, मग हळूहळू गरम केलं की बर्फ उडून जातो आणि खाली चिकट पिवळट-तपकिरी काहीतरी उरतं. 2002 मध्ये अशाच थरातून, ॲसिडने फोडल्यावर, अमिनो ॲसिड्स निघाली होती!

हा थर यूव्ही आणि निळा प्रकाश जास्त गिळतो, लाल कमी, म्हणून लालसर दिसतो. 2015 ला नासाच्या न्यू होरायझन्स यानाला प्लूटोवर लालसर पट्टे दिसले, 2019 ला प्लूटोच्याही पलीकडचा ॲरोकॉथ नावाचा छोटा बर्फाळ गोळा लाल निघाला आणि त्यावर मेथेनॉलचा बर्फही सापडला, त्यामुळे तिकडच्या बर्फावरही असाच थर बनत असावा, ही गोष्ट जुळते. पण रेडिएशन अजून चालू ठेवलं तर हायड्रोजन निघून जातो, कार्बन उरतो आणि थर काळा पडत जातो, लाली कमी होते. म्हणजे रंगात मूळ बर्फाचा वाटा किती आणि रेडिएशनच्या डोसचा किती हे वेगळं काढणं अवघड, ग्राफ जुळला म्हणून पदार्थ तोच असं छातीठोक सांगू नये.

अजून एक, सर्रास वापरलं जाणारं एन-केचं टेबल 1984 चं, बिशुन खरे, कार्ल सेगन मंडळींचं, पण ते शनीच्या टायटन या चंद्रासाठी, नायट्रोजन-मिथेन गॅसमध्ये विजेचा डिस्चार्ज करून बनवलेल्या पदार्थाचं. बर्फाशी त्याचा संबंध नाही, तरी आयतं मिळतं म्हणून बर्फाळ गोळ्यांनाही सर्रास लावतात, मला ते काही पटत नाही. तुम्ही मॉडेल करणार असाल तर बर्फातून बनवलेल्या थराचे आकडे शोधा, आणि 3.4 मायक्रॉन वेव्हलेंथजवळची सी-एच (कार्बन-हायड्रोजन) बॉण्डची खूणही तपासा.