‘दुखत नाही’ म्हणणारं मूल

“मॅडम, तो दुखत नाही म्हणतो, पण घास गिळत नाही. खरं काय मानू?” टॉन्सिल्स असो, हर्निया असो की अपेंडिक्स, ऑपरेशन होऊन मूल घरी आलं की दोन-तीन दिवसांत आईबाबा हे विचारतातच. कधी उलटं असतं: “दुखतंय म्हणतो, पण टीव्ही लावला की विसरतो. नाटक तर नाही ना?” नाटक नसतं. मन गुंतलं की दुखणं खरोखरच कमी जाणवतं.

सहा वर्षांच्या ओमचं (नाव बदललं आहे) टॉन्सिल्सचं ऑपरेशन झालं होतं. आई बँकेत, हिशेबाला पक्की. तिने सहा चेहऱ्यांचा तक्ता छापून फ्रिजवर लावला. हसरा चेहरा म्हणजे ०, रडणारा म्हणजे १०. दर दोन तासांनी ओमने बोट ठेवायचं आणि आईने वहीत लिहायचं. बहुतेक नोंदी शून्याच्या. मग डॉक्टरांनी वेळेवर द्यायला सांगितलेलं पॅरासिटामॉलही ती टाळू लागली, “औषधं उगाच गरम पडतात” म्हणून. चौथ्या दिवशी ओम पाणीसुद्धा घोटेना.

दोघं आली तेव्हा मी घशाचा विषयच काढला नाही. तक्ता पुढे ठेवला.

“यातला तुला आवडतो कोण?”

लगेच हसऱ्यावर बोट.

“आणि हा शेवटचा?”

“तो रडका आहे.”

“मग?”

“आजोबा म्हणतात, आपल्या घरात कुणी रडकं नाही.”

आईने वही मिटली. ओम चार दिवस घशाबद्दल सांगतच नव्हता. आपण कसा मुलगा आहोत, ते सांगत होता. माझा कल पहिल्यापासून मुलाकडे घरासकट बघण्याचा. वहीतले आकडे वाचत बसले असते, तर आजोबा कधी दिसलेच नसते.

हसऱ्या चेहऱ्याची ही अडचण तज्ज्ञांच्याही लक्षात आली होती. २००१ साली सुधारून आलेल्या एका तक्त्यात ना हसू आहे ना अश्रू. पण ओमच्या आईला मी वेगळीच यादी दिली. १९९६ साली कॅनडातल्या क्रिस्टीन चेंबर्स आणि सहकाऱ्यांनी खास पालकांसाठी बनवलेली. मुलाला काही विचारायचंच नाही, फक्त बघायचं. नेहमीपेक्षा कमी खातोय? खेळ कमी झालाय? गप्प आहे? सारखा चिकटतोय? दुखरा भाग जपतोय? एरवी नको म्हणतो ते औषध मुकाट्याने घेतोय? असे पंधरा प्रश्न. सहा किंवा जास्त ‘हो’ आले, तर दुखणं उपचार करण्याजोगं आहे असं धरायचं. ‘नेहमीपेक्षा’ म्हणजे नेमकं किती, हे आईइतकं कुणाला ठाऊक असतं?

ओमचे ‘हो’ नऊ भरले.

“म्हणजे मी त्याला विचारूच नको?”

“विचारा, पण दिवसभर तेच नको. सारखं विचारलं की त्याचं लक्ष घशावरच राहतं. औषधाआधी एकदा बघा, तासाभराने पुन्हा बघा. फरक पडला का, तेवढं लिहा.”

आजोबांशीही बोलले. “आम्ही असेच वाढलो,” ते म्हणाले. मी विचारलं, “गुडघ्याच्या ऑपरेशननंतर गोळ्या घेतल्यात ना?” ते हसले. ओमला ‘रडका’ म्हणणं मात्र त्याच संध्याकाळी थांबलं, असं आईने फोनवर सांगितलं. दुसऱ्या दिवशी ओम म्हणाला, “आई, आज खूप दुखतंय.” आई घाबरली नाही. मला तर आनंदच झाला.

टॉन्सिल्सनंतर घसा दहा दिवस, कधी दोन आठवडेही दुखतो. मधल्या दिवसांत दुखणं वाढू शकतं, म्हणून सुरुवातीचे दिवस औषध वेळेवर द्या, मूल कळवळायची वाट पाहू नका. मात्रा वजनावर ठरते, ती डॉक्टरांनी लिहिलेलीच. सर्दीच्या औषधातही पॅरासिटामॉल असू शकतं, तेव्हा बाटली वाचा. ॲस्पिरिन मनाने देऊ नका. तोंडातून ताजं रक्त आलं, मूल काहीच पीत नसेल, लघवी कमी झाली किंवा ते उठवूनही नीट जागं होत नसेल, तर वही बाजूला ठेवा आणि थेट रुग्णालय गाठा.