डिस्नेलँडमध्ये गाववाल्यांना सवलत, पाहुण्यांना पूर्ण भाव: ही लूट आहे का?

तुम्ही लिहिलंय की दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून मुलांना घेऊन कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडला येताय, आणि इथल्या लोकांना तिकीट स्वस्त पडतं हे ऐकून चडफडलात. हे पार्क ज्या गावात आहे त्या अनाहाइमपासून मी अर्ध्या तासावर राहतो, वर्षाचा पास काढलेला आहे, त्यामुळे मी लाभार्थी पक्षाचा, हे धरूनच वाचा.

आमच्यासाठी डिस्नेलँड म्हणजे सारसबाग. ऑफिस सुटलं की जायचं, दोन राइड, काहीतरी खायचं, घरी. 1955 साली वॉल्ट डिस्नेने संत्र्यांच्या बागा घेऊन 160 एकरांवर हे उभं केलं आणि बघता बघता भोवती दुसऱ्यांची मोटेलं उगवली. पाहुण्यांच्या मुक्कामाचा पैसा त्यांच्या खिशात जायला लागला. ही चुटपुट मनात ठेवूनच त्याने पुढे फ्लोरिडात कुलाबा ते सायन-माहीम या जुन्या मुंबईहूनही मोठी जमीन घेतली. तिथलं पार्क 1971 मध्ये सुरू झालं, आणि ते मात्र तिरुपती आहे. लांबून यायचं, मुक्काम करायचा, सगळं आधी ठरवायचं. कंपनीच्या हॉटेलात उतरलात तर रांग चुकवण्याच्या वेळा सात दिवस आधी धरता येतात, बाहेर उतरलात तर तीन. आमच्याकडे त्या वेळा आत शिरल्यावर, त्याच दिवशी निवडायच्या.

सवलतीचं गणित साधं आहे. ओस पडणारे दिवस भरायला गाववाला लागतो. म्हणून स्वस्त पासवर गर्दीचे दिवस बंद असतात; नाताळात मला घरी बसवून जागा तुमच्यासारख्यांना देतात. (भावाच्या पत्त्यावर सवलतीचं तिकीट काढायचा विचार असेल तर सोडा, स्वतःचा पुरावा दाखवावा लागतो.)

माझ्या मते पाहुण्याला खरा फटका दुसरीकडे बसतो. वर्षातून वीस वेळा येणाऱ्याला नवीन काहीतरी दाखवावं लागतं, म्हणून राइडलाच सोंग चढवतात. 2001 पासून भुतांचा वाडा, म्हणजे हाँटेड मॅन्शन, शरद ऋतूत नाताळाच्या वेषात असतो. आम्ही खूश. पण तुम्ही आयुष्यात एकदा येणार आणि मूळ वाडा बघायलाच मिळणार नाही. ‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’ ही राइड तर नाताळाची रोषणाई चढवायला साधारण दिवाळीच्याच सुमारास काही दिवस बंद असते. फ्लोरिडात वाड्याला असली सोंगं चढवत नाहीत, कारण तिथला माणूस मूळ वाडाच बघायला आलेला असतो.

आतषबाजीचंही तेच. फ्लोरिडात जवळपास रोज रात्री; इथे सुट्ट्यांचा हंगाम सोडला तर बहुतेक शुक्रवार ते रविवार. दिवाळीत पुण्याचे फटाके सोडून इथे यायचं आणि मंगळवारी कोरडं आकाश बघत बसायचं, हे नको.

तेव्हा विमानाचं तिकीट काढण्याआधी पार्कच्या संकेतस्थळावर बंद राइडची यादी बघा. दोन दिवस असतील तर एक मंगळवार किंवा बुधवार धरा, दरवाजा उघडायच्या आधी रांगेत उभे राहा आणि मोठ्या राइड दुपारपर्यंत उरका. दुसरा दिवस फटाक्यांसाठी शुक्रवार. त्या संध्याकाळी गर्दी होईल. त्यात मीही असेन.