युद्धानंतर दक्षिण कोरिया उभा करण्यात ख्रिस्ती मिशनरी संस्थांचा खरा वाटा काय होता?

तुम्ही विचारलंय की १९५३ मध्ये कोरियन युद्ध थांबल्यावर मिशनरी संस्थांनी देश उभारायला खरोखर हातभार लावला, की पीठ, दूध आणि जुने कपडे वाटून नुसता धर्मप्रसार केला. दोन्ही झालं. पण वाटपातून टिकाऊ असं फार थोडं उरलं. जनावरांची वीण, हातातलं कसब आणि पैशाचा हिशेब जिथे कोरियन माणसांच्या ताब्यात गेला, तिथलं काम टिकलं, असं माझं स्पष्ट मत आहे.

एक मर्यादा आधीच सांगतो. रेल्वे, वीज, सिमेंट, खत हे मिशनऱ्यांचं काम नव्हतं. त्यासाठीचा पैसा अमेरिकी सरकारकडून आणि संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर १९५० मध्ये स्थापलेल्या 'उन्क्रा' या पुनर्बांधणी संस्थेकडून आला. मिशनरी संस्थांकडे आल्या त्या विधवा, अनाथ मुलं, हातपाय गमावलेली माणसं, क्षयरोगी आणि उत्तरेतून आलेले निर्वासित. कामाची विभागणी व्हावी म्हणून या संस्थांनी १९५२ मध्ये बुसानला 'कावा' नावाची सामायिक परिषद काढली.

वाटपातली सगळ्यात शिकवून जाणारी वस्तू म्हणजे दुधाची भुकटी. अमेरिकेतलं जास्तीचं धान्य आणि दूध या संस्थांमार्फत वाटलं जाई, आणि भुकटी असे साय काढलेल्या दुधाची. लिटरभर पाण्याला साधारण १०० ग्रॅम हे प्रमाण. पाणी उकळून कोमट करायचं, थोड्या पाण्यात भुकटीची पेस्ट करायची आणि मग उरलेलं पाणी घालायचं. कढत पाण्यात भुकटी टाकली की गुठळ्या होतात, आणि कालवलेलं दूध उन्हाळ्यात काही तासांत नासतं. हे सगळं नीट केलं तरी मुलांना जुलाब व्हायचे, कारण पूर्व आशियातल्या बहुतेक लोकांना लहानपण सरलं की दुधातली साखर पचत नाही. उपाशीपोटी मोठा पेला प्यायला दिला की पोटात कळा येणारच. अर्धा कप, तोही पेजेसोबत, दिवसातून दोनतीनदा, असं दिलं तर बहुतेकांना सोसतं. दुसरा धोका लवकर ध्यानात येत नाही. सायीबरोबर 'अ' जीवनसत्त्वही निघून जातं. कुपोषित मुलाला एकदम प्रथिनं मिळाली की ते भराभर वाढतं, अंगातला उरलासुरला साठाही संपतो आणि डोळे कोरडे पडू लागतात. म्हणून भुकटीबरोबर माशाच्या यकृताचं तेल देणं गरजेचं असतं. भुकटीतच हे जीवनसत्त्व मिसळण्याचा नियम १९६० च्या दशकात आला.

धर्मप्रसाराबद्दल लपवण्यासारखं काही नाही. पीठ येत होतं तोवर चर्चमध्ये गर्दी होती, पीठ थांबल्यावर बरेच जण फिरकले नाहीत, आणि हे कोरियन ख्रिस्ती लोकही उघड बोलतात. याहून मोठी चूक मला अनाथाश्रमांच्या बाबतीत दिसते. परदेशी दात्यांचा पैसा मुलामागे ठरावीक रकमेने येऊ लागला की आश्रमाला मुलांची संख्या टिकवण्यात रस निर्माण होतो आणि गरीब आईला मूल तिथे ठेवणं सोयीचं वाटतं. तीच रक्कम आईच्या हाती पडली असती तर कितीतरी मुलं घरी वाढली असती. विधवांना शिवणकाम शिकवणारा, मेनोनाइट या प्रोटेस्टंट पंथाच्या संस्थेचा तेगू शहरातला प्रकल्प म्हणूनच मोलाचा. ग्योंगसानच्या त्यांच्या शाळेत तर अनाथ मुलांना सुतारकामासारखे धंदे शिकवले जात.

पशुधनाचं काम मला सर्वांत विचारपूर्वक केलेलं वाटतं. चर्च ऑफ द ब्रेदरन या अमेरिकी प्रोटेस्टंट पंथातून निघालेल्या, गरजूंना जनावरं देणाऱ्या हेफर संस्थेने १९५२ मध्ये दोन लाखांहून जास्त उबवणीची अंडी कोरियाला विमानाने पाठवली. विमानच का? उबवणीचं अंडं थंड जागी ठेवलं तरी आठवडा-दहा दिवसांपुढे त्यातून पिल्लू निघण्याची शक्यता झपाट्याने घटते आणि बोटीला त्याहून जास्त दिवस लागतात. पुढे २१ दिवस सुमारे ३७.५ अंश तापमान, दिवसातून अनेकदा अंडी फिरवणं, आणि पिल्लांना पहिला आठवडा ३२ ते ३५ अंशांची ऊब. वीज गेली की अख्खा घाणा वाया. या संस्थेचा नियम असा की जनावर मिळालेल्या कुटुंबाने त्याचं पहिलं मादी पिल्लू दुसऱ्या गरजू कुटुंबाला द्यायचं. शेळीच्या बाबतीत हे लवकर जमतं, कारण ती पाच महिन्यांत विते. कालवड मात्र साधारण सव्वा वर्षाची झाल्यावर फळते, पुढे नऊ महिने गाभण राहते आणि वासरू गोऱ्हा निघाला तर आणखी एक वर्ष थांबावं लागतं. त्यामुळे ही साखळी तुटते ती पहिल्या दोन वर्षांत, चारा आणि पशुवैद्य नसतील तर. जेजू बेटावर आयरिश धर्मगुरू पॅट्रिक मॅकग्लिंची १९५४ मध्ये आले. त्यांनी याच धर्तीवर गावातल्या तरुणांना डुकरं पाळायला दिली आणि १९६१ मध्ये हाल्लिमजवळ इसिदोर फार्म उभं केलं. डुकरीण ११४ दिवसांत विते आणि एका वेतात आठदहा पिल्लं देते, म्हणून परतफेड लवकर होते.

कृत्रिम हातपायांचं काम चर्च वर्ल्ड सर्व्हिस या अमेरिकी प्रोटेस्टंट चर्चांच्या मदतसंस्थेने १९५२ पासून हाती घेतलं. त्या कामावर देखरेख करणारे मिशनरी आर. ए. टोरी ज्युनियर यांनी स्वतः चीनमध्ये एक हात गमावला होता. या कामात घाई नडते. शस्त्रक्रियेनंतर हाताचा किंवा पायाचा उरलेला भाग सुजलेला असतो. ताणपट्टी बांधून काही आठवड्यांत तो आक्रसतो, आणि त्याआधी माप घेतलं तर तो भाग बसवायची कृत्रिम पायाची खोबण सैल होऊन कातडी सोलवटते. मुलांची हाडं वाढतात, त्यामुळे जवळपास दरवर्षी नवा पाय लागतो. शिवाय टाचेच्या बुटासाठी जुळवलेला पाय अनवाणी वापरला की माणूस मागे झुकतो, आणि कोरियन घरात तर चपलाबूट दाराशीच काढून जमिनीवर बसतात. म्हणून जागेवर कार्यशाळा असल्याशिवाय परदेशातून पेट्या मागवून भागत नाही.

शेवटचं आणि सर्वांत कमी माहीत असलेलं काम म्हणजे पतसंस्था. युद्धविधवांसाठी काम करणाऱ्या, मेरीनॉल या अमेरिकी कॅथलिक संघातल्या जोगीण सिस्टर मेरी गॅब्रिएला मल्हेरिन यांनी १ मे १९६० रोजी बुसानमध्ये २७ सभासदांसह कोरियातली पहिली पतसंस्था सुरू केली. त्याआधी त्या कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात जाऊन सहकाराचं शिक्षण घेऊन आल्या होत्या. परदेशी देणगीचा पैसा कर्जाला वापरायचा नाही, सभासदाने आधी थोडी थोडी बचत करायची, आधी हिशेब शिकायचा आणि मगच कर्ज मागायचं, अशी ही पद्धत. देणगीच्या पैशातून दिलेलं कर्ज लोक बुडवतात, कारण ते कोणाचंच नसतं. शेजारणीची बचत बुडवायला माणूस धजावत नाही. कर्ज कोणाला द्यायचं हे सभासदांनी निवडलेली समिती ठरवते, आणि वहीखातं तपासणारी समिती तिच्याहून वेगळी असते. या दोन समित्यांत तीच माणसं घुसली की संस्था बुडू लागते. त्याच वर्षी सोलमध्येही अशी संस्था निघाली, चळवळ गावोगाव पसरली, आणि १९७२ मध्ये सरकारने तिच्यासाठी स्वतंत्र कायदा केला. तोवर ती चालवणारी माणसं कोरियन होती.